कुठले परेरा?

नुनो आल्वारिश परेरा हे नाव मराठी माणसाला फोडून सांगावं लागत नाही. नुनो हे स्वतःचं नाव, आल्वारिश म्हणजे आल्वारोचा मुलगा, आणि परेरा हे घराण्याच्या मूळ जहागिरीचं ठिकाण. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव ही आपल्याच सवयीची ओळ आहे. आपण गावाला मागून ‘कर’ जोडतो, तिकडे पुढे ‘द’ लावत आणि कालांतराने तो गळून पडे, एवढाच फरक. चौदाव्या शतकातला हा पोर्तुगीज सेनापती परेरा मंडळींचा सर्वांत मोठा पुरुष मानला जातो. लिस्बनपासून कोलंबोपर्यंत पूर्वजाचा विषय निघाला की बोट त्याच्याकडे जातं. ते बोट बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला असतं.

परेरा म्हणजे नासपतीचं झाड. लॅटिन ‘पिरुम’पासून फळाला ‘पेरा’ आणि झाडाला ‘परेरा’ असे शब्द तयार झाले, ते आयबेरियाच्या वायव्य कोपऱ्यात, मिन्यो नदीच्या दोन्ही तीरांवर. उत्तरेला गॅलिशिया, दक्षिणेला पोर्तुगाल. बाराव्या शतकात पोर्तुगाल स्वतंत्र राज्य झालं आणि नदीचा काठ सरहद्द ठरला, पण दोन्हीकडची बोली आणखी बराच काळ एकच राहिली. त्यामुळे परेरा हे आडनाव दोन्ही तीरांचं आहे. ते फक्त पोर्तुगीज म्हणणं गॅलिशियावर अन्याय करणारं ठरेल. कास्तीलमध्ये याच झाडाला ‘पेराल’ म्हणतात आणि तिथलं आडनावही पेराल. विजेवर चालणारी पाणबुडी बांधणारा स्पॅनिश आरमारी अधिकारी इसाक पेराल हा असा नासपतीवालाच. पुढे गॅलिशियावर कास्तीलचा कारभार आला तेव्हा कारकुनांनी तिथली कितीतरी आडनावं कास्तीलच्या वळणावर नेली, ओउतेइरोचं ओतेरो केलं. परेरा मात्र बऱ्याच अंशी जसंच्या तसं टिकलं.

नासपतीचं झाड काही दुर्मीळ नव्हे. म्हणून त्या मुलखात परेरा, परेइरो अशा नावाच्या वाड्या आणि गावं ठिकठिकाणी आहेत. ओउरेन्सजवळ ‘ओ परेइरो दे आगियार’ नावाचा आख्खा तालुकाच आहे. पिंपळगावकर म्हटल्यावर आपण ‘कोणतं पिंपळगाव?’ असं विचारतो, कारण पिंपळ जितके, तितकी पिंपळगावं. नासपतीचंही तेच. परेरांचा एक मूळपुरुष कधीच नव्हता. वेगवेगळ्या झाडांखालची, एकमेकांना न ओळखणारी माणसं पहिल्या दिवसापासून एकच आडनाव लावत होती.

यातल्या एका झाडाचं नशीब तेवढं फळफळलं. आजच्या विला नोवा द फामालिकाँव या पोर्तुगीज शहराजवळ परेरा नावाची एक जहागीर होती. तिच्या मालकांची वंशावळ चौदाव्या शतकात बार्सेलुशच्या काउंट पेद्रोने केलेल्या घराण्यांच्या ग्रंथात येते. या घराण्याची वाढ कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. गोन्सालो परेरा हे ब्रागाचे आर्चबिशप. त्यांचा मुलगा आल्वारो गोन्सालविश परेरा हा हॉस्पिटलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाचा पोर्तुगालमधला प्रमुख. दोघांनीही ब्रह्मचर्याची शपथ घेतलेली. तरीही आल्वारोला बत्तीस मुलं होती, असं बखरकार फेर्नाँव लोपिश लिहितो. त्यांपैकी एक नुनो. तो १३६० मध्ये जन्मला आणि पुढच्याच वर्षी राजाने फर्मान काढून त्याला औरस ठरवलं. आर्चबिशप आजोबा ब्रागाच्या कॅथेड्रलमध्ये स्वतः बांधवून घेतलेल्या चॅपेलात सुंदर कोरीव थडग्यात पहुडले आहेत. नातवाच्या नावातला ‘आल्वारिश’ हा शब्द त्यांना अवघड वाटला असेल असं त्या थडग्याकडे पाहून तरी वाटत नाही.

१३८५ च्या १४ ऑगस्टला आल्जुबारोटाच्या लढाईत नुनोने कास्तीलच्या कितीतरी मोठ्या फौजेचा पराभव केला आणि पोर्तुगाल स्वतंत्र राहिला. समोरच्या फौजेत त्याचा भाऊ पेद्रो आल्वारिश परेरा होता. तो तिथेच पडला. म्हातारपणी नुनोने सगळं वाटून टाकलं, १४२३ मध्ये कार्मेल संघाच्या मठात साधा बंधू म्हणून गेला आणि १४३१ मध्ये वारला. २००९ मध्ये पोपने त्याला संत जाहीर केलं. आता वंशावळीची मेख. नुनोचे मुलगे जगले नाहीत, राहिली ती एकटी मुलगी बेआत्रिश. तिचं लग्न राजाच्या अनौरस मुलाशी, आफोन्सोशी झालं. हा आफोन्सो पुढे ब्रागान्साचा पहिला ड्यूक झाला आणि त्याच्या वंशजांनी १६४० पासून १९१० पर्यंत पोर्तुगालवर राज्य केलं. म्हणजे नुनोचं रक्त गेलं राजघराण्यात, आणि तिथे आडनाव लागलं ब्रागान्सा. बापाकडून मुलाकडे अशा सरळ ओळीने नुनोपर्यंत पोचणारा परेरा आज कुठेच असू शकत नाही. जे नात्यातले आहेत, ते त्याच्या भावांचे आणि चुलत्यांचे.

तिथेही ओळ सरळ नसतेच. जुन्या पोर्तुगालमध्ये आडनाव बापाचंच लावायचं असा काही नियम नव्हता. आईचं लावत, आजीचं लावत, ज्या मामाच्या इस्टेटीवर डोळा असे त्याचंही लावत. सख्ख्या भावाबहिणींची आडनावं निराळी असणं नेहमीचं होतं. १५०४ मध्ये मूठभर माणसांनिशी कोची राखणारा दुआर्ते पाशेको परेरा हा बापाकडून पाशेको, आईकडून परेरा. शेतकऱ्या-कोळ्यांना तर आडनावच नसे. लागलंच तर शेजारच्या उमरावाचं चिकटे. सगळ्यांची सरकारदरबारी सक्तीने नोंद व्हायला लागली ती १९११ मध्ये, प्रजासत्ताक आल्यावर.

परेरा हे ज्यू लोकांचं आडनाव, असा एक पक्का समज आहे. तो मुळात चुकीचा, पण त्यामागे खरी आणि कडू हकीकत आहे. १४९७ मध्ये मानुएल राजाने पोर्तुगालमधल्या ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करवला. त्या ‘नव्या ख्रिश्चनां’ना गर्दीत मिसळून जाणारी आडनावं हवी होती, म्हणून त्यांनी आजूबाजूला सर्वांत सामान्य असलेली नावं घेतली. त्यांत परेरा होतं, सिल्वा होतं, कोश्ता होतं, रोद्रिगिश होतं. यावरून झाडाफळांची आडनावं ज्यूंची, अशी एक ठोकळेबाज समजूत रूढ झाली. इटालियन लेखक आंतोनियो ताबुक्की यांची १९९४ ची ‘सोस्तिएने परेइरा’ ही कादंबरी आणि तिच्यावरचा मार्चेल्लो मास्त्रोयान्नीचा चित्रपट यांनी ती आणखी पसरवली. आपल्या नायकाला हे आडनाव देऊन छळ सोसलेल्या एका समाजाला मान द्यावा, ही ताबुक्कींची इच्छा होती. हेतू सुंदर, पुरावा लंगडा. सक्तीच्या बाप्तिस्म्याच्या दीडशे वर्षं आधी ब्रागाचा आर्चबिशपच परेरा होता, हे एवढं पुरे. नावावरून ज्यू ओळखता आला असता, तर ते घेण्यात त्या बिचाऱ्यांचा फायदा तो काय?

मात्र जे निसटले आणि पुन्हा उघडपणे ज्यू झाले, त्यांनी हे आडनाव सोडलं नाही, याचं मला जास्त नवल वाटतं. ॲमस्टरडॅमचा श्रीमंत व्यापारी अब्राहाम इस्राएल परेरा याने पहिलं नाव बदललं, पण छळाच्या काळात लावलेलं आडनाव तसंच ठेवलं. झाकोब रोद्रिगिश परेरा १७४१ मध्ये बोर्दोला येऊन स्थायिक झाला आणि जन्मतः बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. १७४९ मध्ये त्याने आपला एक शिष्य पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे बोलून दाखवायला उभा केला. त्याचे नातू एमिल आणि इझाक यांनी आडनावाचं फ्रेंच वळण करून पेरेर केलं, पॅरिस ते सँ-जेर्मँ रेल्वे १८३७ मध्ये सुरू केली आणि १८५२ मध्ये क्रेदी मोबिलिए ही बँक काढली. पंधरा वर्षांत बँक बुडाली, पण पॅरिसमध्ये पेरेर नावाचा बुलवार आहे आणि मेट्रोचं स्टेशनही. नासपतीचं झाड असं जमिनीखालीही पोचलं.

हिंदुस्थानच्या बाजूला आलेले सुरुवातीचे परेरा हे शिपाई, व्यापारी आणि पाद्री. दिओगो परेरा हा संत फ्रान्सिस झेवियरचा व्यापारी मित्र. झेवियरला चीनला नेणारं ‘सांता क्रूझ’ जहाज त्याचं. पण १५५२ मध्ये मलाक्काच्या कप्तानाने मालकालाच अडकवून ठेवलं, झेवियर एकटाच पुढे गेला आणि चीनच्या किनाऱ्यावर शांगच्वान बेटात वारला. बंगालमध्ये सातगावला परेरा नावाचे एक पाद्री होते. अकबराने १५७८ मध्ये त्यांना फत्तेपूर सिक्रीला बोलावून घेतलं, आणि त्यांच्याशी बोलणं झाल्यावर त्याने गोव्याहून जेझुइटांना बोलावणं धाडलं. तोमाश परेरा १६४५ मध्ये जन्मला तो फामालिकाँवजवळच, म्हणजे त्या मूळ जहागिरीच्या शेजारी. गोव्यात शिकून, मकाववरून तो पेकिंगला पोचला, कांगशी बादशहाला संगीत शिकवलं, आणि १६८९ मध्ये नेर्चिन्स्कला चीन आणि रशिया यांच्यात तह झाला तेव्हा मध्यस्थ दुभाषा म्हणून उभा राहिला. तहाचा अधिकृत मसुदा लॅटिनमध्ये होता तो त्याच्यासारख्यांमुळेच. चिनी दप्तरात तो ‘शू रिशंग’ आहे. जिथे आडनाव बहुधा एकाच अक्षराचं असतं, तिथे परेरा शिरू शकलं नाही.

या सगळ्यांनी परेरा हे आडनाव पूर्वेला आणलं खरं, पण पसरवलं नाही. मूठभर माणसं, त्यातले निम्मे ब्रह्मचारी. ते पसरलं बाप्तिस्म्याच्या कुंडावरून. तिसवाडी, बार्देस आणि साष्टी या तालुक्यांत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून वाड्यावाड्यांनी बाप्तिस्मे झाले. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवं नाव लागे आणि धर्मपिता म्हणून एक पोर्तुगीज लागे. त्या पाद्रिन्याचं आडनाव नव्या ख्रिश्चनाला मिळे. नाहीतर पाद्रीचं, नाहीतर एखाद्या कप्तानाचं. गोव्यातला परेरा त्यामुळे कोण्या परेराचा वंशज नव्हे. परेरा नावाचा एक माणूस कुठल्याशा दिवशी देवळात त्याच्या पूर्वजाशेजारी उभा होता, एवढंच ते आडनाव सांगतं. दोन भावांचे पाद्रिने वेगळे असले तर एका घरात दोन आडनावं येत. उलट एकाच पाद्रिन्यापुढे रांगेने बाप्तिस्मा घेतलेली, रक्ताचं नातं नसलेली घरं एका आडनावाखाली येत.

आडनाव बदललं तरी जात हलली नाही, ही त्यातली दुसरी गोष्ट. बामण, चारडो, सुदीर, गावडे असे सगळेच परेरा असू शकतात. म्हणून गोव्यात परेरा एवढं सांगून ओळख पुरी होत नाही. पुढचा प्रश्न येतो तो ‘खंयचो?’ गाव सांगावा लागतो, वाडा सांगावा लागतो, मग ऐकणारा मनातल्या मनात पत्ता लावतो. सोयरिकीच्या वेळी तर नक्कीच. आडनावाने जे झाकलं, ते वाड्याच्या नावाने उघडं होतं. मंगळुरी ख्रिस्ती घरांमध्ये आपण मूळचे प्रभू, कामत की शेणै हे आजही तोंडी जपलेलं आढळतं.

जाता जाता फळाची एक गंमत. अमेरिकेतून आणलेल्या एका फळाला पोर्तुगीजांनी इकडे आपल्या नासपतीचंच नाव लावलं. कोकणीत ते पेर झालं, त्याच्या वड्यांना पेराद म्हणतात, आणि आपला पेरूही त्याच ‘पेरा’वरून आला असं मानतात. गोव्याच्या पोर्तुगीजमध्ये परेरा म्हणजे त्यामुळे पेरूचं झाड. मिन्योकाठच्या गावकऱ्याला हे पटवणं कठीण जाईल.

चांदोरचा ब्रागांझा वाडा पाहायला पर्यटकांची रांग असते. चांदोर म्हणजे कदंबांचं जुनं चंद्रपूर. वाडा एकच, घराणी दोन: पश्चिमेच्या भागात मेनेझिस ब्रागांझा, पूर्वेच्या भागात ब्रागांझा परेरा. पोर्तुगालमध्ये परेराच्या मुलीने ब्रागान्सा घराण्याचा पाया घातला. इथे दोन्ही आडनावं एका दरवाज्यावर, आणि दोन्ही दिलेली. पूर्वेच्या भागातल्या चॅपेलात संत झेवियरचं नख जपून ठेवलेलं आहे. याच जोड-आडनावाचे न्यायाधीश आंतोनियो बेर्नार्दो द ब्रागांसा परेरा यांनी १९४० मध्ये ‘एत्नोग्राफिया दा इंदिया पोर्तुगेझा’ लिहून गोव्यातल्या जाती, रूढी आणि गावसंस्था यांची तपशीलवार नोंद करून ठेवली. चारशे वर्षांपूर्वी ज्या व्यवस्थेवर परेरा हे नाव चिकटवलं गेलं, तिचीच दफ्तरबंद हकीकत एका परेराने लिहावी, हे मला या मागोव्यातलं सर्वांत समाधानाचं पान वाटतं. गोव्याच्या मांडो आणि इतर गीतांवर काम करणारे पंडित आणि चित्रकार जोझे परेरा (१९३१ ते २०१५) हे दुसरं असं नाव.

उत्तर कोकणातही हेच घडलं. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, पण वसईत, मुंबईलगतच्या साष्टी बेटात आणि मुंबईच्या गावठाणांत परेरा, डिसोझा, डिमेलो मागे राहिले. त्यांची बोली मराठीचीच, लुगडं-चोळी इथलीच. पुढे इंग्रजांच्या नोकऱ्यांसाठी गोव्याचे लोक मुंबईत येऊ लागले, त्यांचीही आडनावं हीच. एका आडनावाचे दोन समाज एका कचेरीत नोकरीसाठी उभे राहिले तेव्हा इथल्यांनी आपण वेगळे हे दाखवायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. आडनाव वेगळेपण सांगू शकत नव्हतं, म्हणून समाजालाच नवं नाव शोधावं लागलं.

श्रीलंकेत तर परेराने धर्माचीही हद्द ओलांडली. पोर्तुगीजांनी तिथला किनारा १६५८ पर्यंत ताब्यात ठेवला. त्यांच्यामागून आलेल्या डचांनी लग्न आणि वारसा यांची सरकारी नोंद बाप्तिस्म्याला बांधून टाकली. मग लोक चर्चमध्ये नाव लिहवून घेत आणि घरी बुद्धाची पूजा करत. आज तिथले असंख्य परेरा बौद्ध आहेत. सिंहली लोकांनी एक युक्तीही शोधली. घराण्याचं जुनं ‘गे’ नाव त्यांनी टाकलं नाही, आद्याक्षरात दडवलं. लंका सम समाज पक्षाचे नेते, पुढे अर्थमंत्री झालेले एन. एम. परेरा यांचं पुरतं नाव नानायक्कारपतिरगे मार्टिन परेरा. पहिल्या ‘एन’मध्ये सिंहली कुळ, दुसऱ्या ‘एम’मध्ये युरोपी नाव, शेवटी नासपती. १९४२ मध्ये ते कँडीच्या तुरुंगातून निसटून हिंदुस्थानात आले आणि मुंबईत पकडले गेले. क्रिकेट पाहणाऱ्यांना तिसारा आणि कुसल यांच्यामुळे हे आडनाव ओळखीचं आहेच. ते दोघे एकमेकांचे भाऊ नव्हेत, हे आता सांगायला नको. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर तेच आडनाव पारेरा असं लिहितात.

अटलांटिकच्या पलीकडची हकीकत थोडक्यात आटोपते, कारण रीत तीच. ब्राझीलमध्ये परेरा अतिशय सर्रास आहे. तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मालकाचं आडनाव लागलं, आणि १८८८ मध्ये गुलामगिरी संपल्यावरही ते राहिलं. अर्जेंटिनात गॅलिशियाहून गेलेल्यांची गर्दी. तिथलं स्पेलिंग स्पॅनिश वळणाचं. कोलंबियात परेरा नावाचं मोठं शहर आहे. १८१६ मध्ये स्पॅनिश फौजेपासून पळून त्या डोंगराळ भागात आश्रय घेतलेले वकील फ्रान्सिस्को परेरा मार्तिनेझ यांच्यावरून १८६३ मध्ये ते वसवलं. अझोरेस बेटांवरून देवमाशांच्या शिकारीवर गेलेले खलाशी मॅसॅच्युसेट्सला उतरले, माडेराचे मजूर १८७८ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यात गेले, आणि तिथे बऱ्याच परेरांचे पेरी झाले. पेरी नावाचा माणूस मुळात इंग्रज की पोर्तुगीज, हे तिथे आजीच्या स्वयंपाकावरूनच ठरतं म्हणतात.

हल्ली आडनाव सांगितलं की कुलचिन्ह छापून देणारे दुकानदार आहेत. परेरा म्हटलं की तांबड्या ढालीवर फुलोऱ्याच्या टोकांचा रुपेरी क्रूस येतो, फामालिकाँवच्या त्या एका घराण्याचा. म्हापशाच्या नाहीतर नेगोंबोच्या घरात तो टांगायला हरकत काहीच नाही, फक्त तो तिथला नव्हे.

गोव्याच्या परेराला आपला माग काढायचा असेल तर लिस्बनला जाण्याचं कारण नाही. आधी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि मग गावकरी या जुन्या गावसंस्थेची दप्तरं. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, आणि सोळाच वर्षांनी, १५२६ मध्ये, आफोन्सो मेशिया याने गावकऱ्यांचे जुने हक्क आणि रिवाज लिहवून घेतले. बाप्तिस्म्याची लाट त्यानंतरची. वांगडाच्या, म्हणजे गावकरीतल्या कुळगटाच्या, हिश्शावरून मागे जात गेलं की काही घरांना परेराच्या आधीचा कामत किंवा नायक सापडतो. पण हिस्सा ज्याला होता त्याचंच नाव वहीत आलं. शेतावर राबणाऱ्या गावड्यांचा माग बहुतेक वेळा बाप्तिस्म्यापाशीच खुंटतो. १९२८ मध्ये मसूरच्या विनायक महाराजांनी गोव्यात शुद्धीची मोहीम चालवली तेव्हा ख्रिस्ती गावड्यांनी गावंच्या गावं मिळून हिंदू धर्म आणि नवी नावं घेतली. पोर्तुगीज आडनावं टाकून त्यांनी आडनाव म्हणून जातीचं नावच लावलं, गावडे.